मदत हवी आहे: एफटीपीने पाठवलेली एन्क्रिप्टेड फाईल उघडेना

राजेहो, जरा डोकं लावा. वणीकडच्या आमच्या गावात कापसाच्या वजनकाट्यावर पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय. शेतकऱ्याचं नाव, क्विंटल, बँक खातं, असं सगळं संध्याकाळी एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होऊन एफटीपीने, म्हणजे नेटवरून फाईल पाठवायच्या पद्धतीने, तालुक्याला जातं.

आधी फाईल थेट आरएसएनेच (पब्लिक कीने बंद, प्रायव्हेट कीने उघड, अशी पद्धत) बंद करायला गेलो. एक ओळ चालली, पूर्ण फाईल म्हटली की एरर. २०४८ बिटची की (किल्ली), ओएईपी पॅडिंग (बंद करण्याआधी डेटाला घालायची भर), त्यात एसएचए-२५६ हॅश, म्हणजे एका वेळी १९० बाइटच मावतात, हे कळायला दोन रात्री गेल्या. लाइन पण रात्रीच राहते म्हणा!

आता डेटा बंद करायला रोज नवी एईएस-२५६ की (बंद-उघड एकाच किल्लीने), जीसीएम मोड (डेटा वाटेत बदलला तर सोबतच्या टॅगवरून कळतं). ती की तालुक्याच्या पब्लिक कीने बंद करून, बेस६४ करून (साध्या अक्षरांत बदलून) वेगळ्या फाईलीत पाठवतो. तिकडे प्रायव्हेट कीने ३२ बाइट बरोबर निघतात. पण डेटा उघडताना टॅग जुळत नाही. नॉन्सचे (एकदाच वापरायच्या आकड्याचे) १२ बाइट सुरुवातीला, टॅगचे १६ शेवटी, हे तपासलं.

गंमत म्हणजे पेनड्राइव्हने नेली की फाईल उघडते. एफटीपीने मात्र इथल्या लिनक्सवरून ४३१२ बाइट निघाले, तिथल्या विंडोजवर ४३२९ पोचले. हे १७ बाइट कुठून आले? डेटाही बेस६४ करू, की एफटीपीतच काही बदलायचं असतं?