वजन ९५ किलो, घाटात मागे पडतो, काय करू?

माळवा_सायकल
नमस्कार मंडळी, मी इंदूरचा, वय ४१, उंची सहा फूट, वजन ९५. सुपर कॉरिडॉरच्या सपाट रस्त्याला समोरून वारा असला की अख्खा ग्रुप माझ्या मागे लपतो, पण खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे घाट उतरून चोरलपर्यंत गेलो की परतीच्या चढावर सगळे मला सोडून निघून जातात आणि गुडघे भरून येतात ते वेगळंच. गिअरच्या चकत्यांचे दात पुढे ५०-३४, मागे ११-२८ आहेत. जो तो म्हणतो आधी वजन उतरव. वजन आहे तेच ठेवून चढ सुधारतो का हो?

राऊवाला
सुधारतो दादा, चांगला सुधारतो. हिशेब बघा, तुम्ही ९५ आणि सायकल, बाटल्या वगैरे १२, झाले १०७ किलो. ६ टक्के चढावर ताशी ८ किमीने जायला पायाची साधारण १५० वॉट ताकद लागते, ७० किलोवाल्याला त्याच स्पीडला ११५ च्या आसपास. पण वरचे ३५ वॉट तुमच्या पायात असणार, उगाच नाही सपाटीवर सगळ्यांना ओढत नेत. खरी गडबड गिअरची वाटते मला. पुढे ३४, मागे २८ वर ताशी ८ म्हणजे पेडलचे मिनिटाला जेमतेम ५२ फेरे, सगळा जोर गुडघ्यावर. मागे ३४ दात लावले तर त्याच स्पीडला ६३-६४ फेरे होतात, खूप फरक पडतो. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो भाग) ३४ घेतो का ते मेकॅनिकला दाखवा, नाहीतर लांब केजचा, म्हणजे खालचा हात लांब असलेला लागेल, चेनही लांब लागेल.

महूची_ताई
गिअरचं पटलं. पण आपण इंदूरवाले पठारावर राहतो ना, नर्मदेकडे जाताना आधी उतार लागतो आणि घरी येताना थकल्या पायांनी चढ, तोही ऊन डोक्यावर आल्यावर. चढावर स्पीड कमी म्हणून वारा लागत नाही, मोठं शरीर लवकर तापतं. त्यापेक्षा प्रॅक्टिसला पहाटे महूजवळचा जानापाव डोंगर करा, तिथे जातानाच चढ आहे. सुरुवातीची पाच मिनिटं ग्रुपला खुशाल जाऊ द्या, दोन वाक्यं बोलता येतील एवढाच दम लावा, मग हळूहळू वाढवा. होता होईल तो बसूनच चढायचं, उभं राहायचंच असेल तर आधी एक गिअर जड करा, नाहीतर पेडल पायाखालून सुटल्यासारखं होतं. मधल्या वारी कॉरिडॉरवर समोरच्या वाऱ्यात दहा-दहा मिनिटं तीनदा जोर लावा, वाराच आपला घाट. आणि वजन कमी करायचं म्हणून उपाशीपोटी घाटात अजिबात जाऊ नका, पोहे खाऊन निघा, खिशात केळं ठेवा.

जुना_पेडलर
ताईंचं बरोबर, पण वजनाचा विषय एकदम सोडूही नका. पाच किलो उतरले तरी त्याच स्पीडला १५० चे १४३ वॉट होतात, फक्त ते महिन्यांच्या हिशेबाने उतरू द्या. आणि मोठ्या अंगाचे चढत नाहीत असं कोणी म्हटलं तर स्पेनचा सायकलपटू इंदुराईनचं नाव सांगा, १.८८ मीटर उंच, वजन ८० च्या आसपास, १९९१ ते १९९५ सलग पाच टूर द फ्रान्स जिंकला. बेल्जियमचा व्हॅन आर्टही तसाच दणकट, २०२१ च्या टूरमधे माँ वाँतू डोंगर एकाच दिवसात दोनदा चढायचा होता ती स्टेज त्याने मारली.

माळवा_सायकल
मनापासून आभार, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) या आठवड्यातच बदलतो. जानापाव उतरताना ब्रेकचं काय, माझे रिम ब्रेक आहेत, चाकाची कडा पकडणारे.

राऊवाला
सतत धरून ठेवू नका, रिम तापते, वजन जास्त म्हणून अजून तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून स्पीड तोडा आणि सोडा. निघायच्या आधी ब्रेक पॅड बघा, झिजले असतील तर कॅसेटसोबतच बदलून घ्या.