मदत हवी आहे: अ‍ॅझ्युर बॅचमध्ये पॅकेजची नवी आवृत्ती चढवली की निम्मे टास्क १२७ ने पडतात

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. परसोडीच्या आयटी पार्कजवळ आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. काटोल, नरखेड, वरुड पट्ट्यातल्या संत्रा बागांचे सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो घ्यायचे आणि कोणती बाग ताणावर सोडली आहे (म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडलं आहे), कुठे ओलीत चालू आहे, ते नकाशावर रंगवून द्यायचं, हे आमचं काम. आंबिया बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीतला. त्यात उपग्रह दर ५ दिवसांनी फिरून येणार आणि मध्ये आभाळ आलं की तोही फोटो गेला. नकाशा आठवडाभर उशिरा दिला तर त्याला रद्दीचा भाव.

फोटोचे तुकडे करून एकेका तुकड्याचा एक टास्क करतो. पूल अ‍ॅझ्युर बॅचवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर एकदम खूप टास्क चालवणाऱ्या सेवेवर. पूल म्हणजे भाड्याच्या मशिनींचा गट: मध्य भारत रीजन, २४ नोड (मशिनी), उबुंटू, पैसे वाचवायला बहुतेक स्पॉट, म्हणजे स्वस्त पण कधीही परत घेतले जाणारे. आमचा प्रोग्राम झिप करून अ‍ॅप्लिकेशन पॅकेज म्हणून चढवतो, ते बॅच नोडवर उतरवतं. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत हे सगळं पोर्टलवरून हाताने चालायचं. ते काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा वैताग आला होता, म्हणून पाइपलाइन लिहिली: मुख्य ब्रँचमध्ये कोड मर्ज झाला की बिल्ड, झिप, पॅकेज अपलोड, मग पूलच्या पॅकेज-यादीत नवी आवृत्ती, मग जॉब. टास्कच्या कमांडमध्ये आवृत्तीसकट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (पॅकेज नोडवर कुठे उतरलं तो पत्ता धरणारं नाव) असतं, तेही स्क्रिप्टच भरते.

आता दुखणं. नवी आवृत्ती गेली की त्या रात्रीच्या जॉबमधले काही टास्क नीट होतात आणि बाकीचे एक्झिट कोड १२७ देऊन पडतात. परवा ३८४ पैकी २३१ पडले. एररच्या फाइलीत एवढंच:

/बिन/एसएच: १: /ताणनकाशा: नॉट फाउंड

पोर्टलवर पॅकेज ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे. पूलच्या प्रॉपर्टीत नवीच आवृत्ती दिसते. रिट्राय ३ करून पाहिलं, फार फरक नाही. गंमत म्हणजे हाताने करायचो तेव्हा असं एकदाही झालं नव्हतं.

दुसरं दुखणं कालचं: अपलोडच होईना. एका अ‍ॅप्लिकेशनखाली ४० च पॅकेजं ठेवता येतात, आणि आमची ४० झाली. जुनी आपोआप काढणारं काही कोणी लिहिलंय का?

तर्रीबाज

भाऊ, एररमध्ये प्रोग्रामच्या आधी नुसता स्लॅश आहे, बघितलं का? म्हणजे व्हेरिएबल रिकामं निघून राहिलं. लिनक्सवर नावातला टिंब, हायफन सगळ्याचा अंडरस्कोर होतो. कमांडमध्ये १.८ लिहिलं असेल तर सापडणारच नाही. आणि कमांड शेलमधून चालवून राहिला ना? बॅच स्वतःहून शेल देत नाही, व्हेरिएबल उलगडणार कोण?

संत्राबर्फी

शेलमधूनच चालवतो, अंडरस्कोरही बरोबर आहेत. त्या पायरीवर ऑक्टोबरमध्येच ठेच लागली होती. आणि नाव चुकलं असतं तर सगळेच टास्क पडायला हवे होते ना? १५३ चांगले झाले.

जुना_खिळा

पडलेला एक टास्क आणि झालेला एक टास्क घ्या. दोघांचे नोड कोणते आणि ते नोड पूलमध्ये कधी आले, ती वेळ बघा. मग बोलू.

संत्राबर्फी

बघितलं. झालेले सगळे टास्क ९ नोडवर आहेत आणि ते नऊही नोड रात्री साडेअकरानंतर आलेले. पडलेले सगळे जुन्या १५ नोडवर, ते सोमवारपासून चालू आहेत. जुन्या नोडवर एन्व्हायर्नमेंट छापून पाहिलं तर तिथे मागच्याच आवृत्तीचं व्हेरिएबल आहे, नव्याचं नावनिशाण नाही.

जुना_खिळा

मग झालं, चोर सापडला. पूलच्या यादीत बदल केला की तो फक्त पुढे येणाऱ्या नोडना लागू होतो. जो नोड आधीपासून उभा आहे तो रीबूट किंवा रीइमेज (कोरा करून नव्याने उभा) होईपर्यंत जुनंच पॅकेज धरून बसतो. पूलच्या प्रॉपर्टीत जे दिसतं ते ‘आता येणाऱ्याला काय द्यायचं’ एवढंच. नोडवर खरंच काय आहे ते तिथे दिसत नाही.

तुमचे ९ स्पॉट नोड रात्री परत घेतले गेले असतील, त्यांच्या जागी नवे आले, त्यांना नवी आवृत्ती मिळाली. म्हणजे स्पॉटने तुम्हाला अर्धवट वाचवलं, आणि म्हणूनच गोंधळ वाढला. सगळे पक्के नोड असते तर ३८४ च्या ३८४ पडले असते आणि तुम्ही पाच मिनिटांत ओळखलं असतं.

एक अंदाज: हाताने करायचात तेव्हा पूल रोज शून्यावर आणायचात का?

संत्राबर्फी

अगदी! संध्याकाळी घरी जाताना शून्य, सकाळी पुन्हा २४. बिलाच्या धाकाने. पाइपलाइन आल्यावर रात्रीही जॉब सुटायला लागले म्हणून ते बंद केलं. दादा, हात जोडले तुम्हाला.

म्हणजे आता पाइपलाइनमध्ये सगळे नोड रीबूट करायची पायरी घालू?

जुना_खिळा

घालू शकता, पण रीबूटचा पर्याय नीट निवडा. ‘टास्क-कम्प्लीशन’ दिलं तर चालू टास्क संपवून मग नोड रीबूट होतो. ‘रीक्यू’ दिलं तर चालू टास्क मध्येच तोडून पुन्हा रांगेत टाकतो, दोन तासांचं काम पाण्यात.

मी मात्र रीबूटच्या वाटेला जाणार नाही. तुमची झिप केवढी आहे?

संत्राबर्फी

३१० एमबी. त्यात आमचा प्रोग्राम ६ एमबीचा, बाकी सगळ्या जीडालच्या (नकाशाच्या फाइली वाचणाऱ्या) लायब्रऱ्या आणि प्रोजेक्शनचा डेटा.

जुना_खिळा

मग दोन पॅकेजं करा. लायब्रऱ्या वेगळ्या, त्या पूलवर ठेवा, वर्षातून दोनदा बदलतील. ६ एमबीचा प्रोग्राम पूलवरून काढा आणि प्रत्येक टास्कमध्येच पॅकेज म्हणून नोंदवा, आवृत्तीसकट. टास्कचं पॅकेज टास्क सुरू व्हायच्या आधी त्या नोडवर उतरतं. तीच आवृत्ती तिथे आधीपासून असेल तर पुन्हा डाउनलोड होत नाही. नोड सोमवारचा असो की मध्यरात्रीचा, टास्कला जे हवं तेच मिळणार.

पूलची यादी बदलताना एक सांभाळा. यादी द्यायची तर पूर्ण द्यायची. एकच पॅकेज लिहिलंत तर ते जुन्या यादीत भर पडत नाही, यादीच्या जागी बसतं. बाकीची गळतात.

धुक्यातली_बस

या झिपांच्या भानगडीत पडायचंच कशाला? कंटेनर करा, म्हणजे प्रोग्राम आणि लायब्रऱ्या एकाच डब्यात बंद. एक इमेज, तिला टॅग, टास्क तीच इमेज उचलेल. आम्ही दीड वर्षापूर्वी गेलो, मागे वळून पाहिलं नाही.

जुना_खिळा

ताई, कंटेनर चांगलाच आहे, मीही नव्या कामाला तोच घेतो. पण त्यांना पूल नव्याने उभारावा लागेल, कंटेनर चालवणारी व्हीएम इमेज घ्यावी लागेल, इमेजा ठेवायच्या रजिस्ट्रीची परवानगी वेगळी. हंगाम तोंडावर असताना नको. बहार आटोपू द्या, मग बघा.

तर्रीबाज

४० वाल्या प्रश्नाबद्दल. प्रत्येक मर्जला पॅकेज काहून बनवून राहिले, भाऊ? रीडमी मधली वेलांटी सुधारली तरी नवी आवृत्ती! कोडवर आवृत्तीचा टॅग मारला तरच अपलोड करा, अर्धा प्रश्न तिथंच मिटतो.

उरलेल्याला आमची स्क्रिप्ट अशी आहे. त्या अ‍ॅप्लिकेशनची सगळी पॅकेजं काढते, मग सगळ्या पूलच्या याद्या आणि चालू जॉबमधल्या टास्कच्या याद्या वाचते. त्यात जिचं नाव आहे ती, डिफॉल्ट आवृत्ती आणि शेवटच्या १० सोडून बाकीच्या उडवते. टास्कच्या याद्या वाचणं विसरू नका. आम्ही विसरलो होतो. एक जॉब शुक्रवारपासून रांगेत पडून होता, त्याचीच आवृत्ती स्क्रिप्टने रविवारी उडवली. सोमवारी सकाळी पोह्याची प्लेट हातात आणि साहेबांचा फोन.

पॅकेज बॅचकडून काढा, स्टोरेजमध्ये जाऊन थेट ब्लॉब (झिपची फाइल) उडवू नका. बॅचच्या नोंदीत ते तसंच राहतं, आणि पुढचा नोड ते उतरवायला जातो, मिळत नाही, आणि ‘अनयूजेबल’ होऊन बसतो.

धुक्यातली_बस

झिपांवरच राहणार असाल तर माझ्याकडूनही एक. बॅचला लिंक केलेल्या स्टोरेज अकाउंटची (झिपा तिथेच असतात) ‘की’, म्हणजे पासवर्डसारखी किल्ली, कोणी बदलली तर बॅचला ते आपोआप कळत नाही, ‘की’ सिंक करायची वेगळी कमांड आहे. आमच्याकडे सुरक्षेवाले दर तीन महिन्यांनी ‘की’ बदलायचे आणि दर तीन महिन्यांनी पूल आजारी पडायचा. हा योगायोग नाही हे कळायला आम्हाला तीन खेपा लागल्या.

संत्राबर्फी

अपडेट देतो, नाहीतर पुढे कोणी हा धागा शोधत येईल आणि शेवट सापडणार नाही.

पॅकेजं दोन केली. प्रोग्राम टास्कवर गेला. पहिल्याच फेरीत सगळे टास्क १२६ ने पडले, तेव्हा पोटात गोळा आला. नवी झिप मी घाईत घरच्या विंडोज लॅपटॉपवर केली होती, तिथे फाइलीचा एक्झिक्युटेबलचा हक्कच गेला. पाइपलाइनमधून लिनक्सवर झिप केली आणि सुरळीत झालं. काल रात्री मुद्दाम जॉब चालू असतानाच नवी आवृत्ती चढवून दुसरा जॉब सोडला. सोमवारचे नोड आणि कालचे नोड, दोन्हीकडे प्रत्येक जॉबला आपापली आवृत्ती. ३८४ पैकी ३८४.

अपलोड आता टॅगवरच. सफाईची स्क्रिप्ट तर्रीबाजभाऊंच्या सांगण्यावरून लिहिली आहे, पण अजून काहीच उडवत नाही, नुसती यादी छापते. आठवडाभर ती यादी रोज डोळ्यांनी तपासणार, मग तिच्या हातात कात्री देईन.

एक राहिलं. स्क्रिप्टमध्ये पॅकेजचा अपलोड माझ्या नेहमीच्या लॉगिनवर होतो, पण पूल आणि टास्क वाचायला गेलो की ती बॅच अकाउंटचं वेगळं लॉगिन मागते. हे असंच असतं का?

जुना_खिळा

असंच असतं. पॅकेज चढवणं-काढणं रिसोर्स मॅनेजरच्या (अख्ख्या खात्याचा कारभार पाहणाऱ्या) बाजूचं काम, पूल-जॉब-टास्क बॅच अकाउंटच्या स्वतःच्या पत्त्यावरचं. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच बॅच अकाउंट लॉगिनची ओळ टाका. ‘की’ वापरू नका, पाइपलाइनच्याच ओळखीला बॅच अकाउंटवर रोल द्या.

संत्राबर्फी

टाकली, चालली. नागपूरला कधी आलात तर सांगा दादा, तर्री माझ्याकडून.

तर्रीबाज

आणि मी काय पाप केलं?