घाम आला की इसब खवळतो, ड्युटीवर काय करू?

वाहक_चिपळूण
नमस्कार. एसटीत वाहक आहे. लहानपणापासून इसब आहे, कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या खोबणीत, हल्ली मानेवरही. थंडीत भेगा पडतात, पण मलमाने आटोक्यात राहतं. आता ऑक्टोबरात दुपारच्या फेरीला गाडी भरली की पाच मिनिटांत मीठ चोळल्यासारखं झोंबायला लागतं. पिशवीचा पट्टा मानेला घासतो तिथली कातडी जाड, काळपट झालीय. परवा एका आजींना सुटे देताना त्यांनी माझ्या नखांतलं रक्त पाहिलं आणि म्हणाल्या, "सीटवर ठेवा." फार लागलं मनाला. हा कुणाला लागत नाही हो, पण चालत्या गाडीत कुणाकुणाला सांगणार? घाम नको म्हणून संध्याकाळचा व्हॉलीबॉलही सोडलाय. बरोबर केलं का?

सायली_ठाणे
खेळ सोडू नका, दादा. माझ्या मुलीलाही हेच आहे. घाम अंगावर वाळला की जास्त त्रास होतो. पाणी उडून जातं, मीठ ओरखड्यांत राहतं. ती दप्तरात ओला सुती रुमाल नेते. टिपायचं, चोळायचं नाही. घरी आली की कोमट पाण्याने अंघोळ, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर.

औषधवाला_सातारा
मिठाशिवाय आणखी एक कारण आहे. मालासेझिया ही बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते. तिचं एक प्रथिन घामात उतरतं आणि इसबाच्या बऱ्याच रुग्णांना त्याची ॲलर्जी असते, हे हिरोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. पण कातडीला ओलावा देणारी, जंतू मारणारी द्रव्यंही घामातच असतात. म्हणून घाम येऊ द्या, लगेच धुऊन टाका.
एक सांगा, टाचणीच्या डोक्याएवढ्या गांधी उठून तासाभरात जिरतात का? तसं असेल तर ते अंगावर पित्त उठणं, त्याचं औषध वेगळं. आणि कडेने लाल, पसरत जाणारं चकंदळ असेल तर गजकर्ण. त्यावर स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब परस्पर घेऊन लावू नका. आधी दबतं, मग दुप्पट पसरतं. काउंटरवर अशी माणसं रोज येतात, जीव तुटतो.

वाहक_चिपळूण
गांधी नाहीत, चकंदळही नाही. डॉक्टरांनी इसबच सांगितलाय. काल दोन फेऱ्यांच्या मध्ये डेपोतल्या नळावर मान आणि हात धुतले, मॉइश्चरायझर लावलं, पट्ट्याखाली जुन्या पंच्याची घडी ठेवली. गुहागरच्या फेरीत खाज आली, पण नखं लावावी लागली नाहीत. रविवारी मैदानावर जातोय, पिशवीत दुसरा बनियन घेऊन.