विषय: पाहुणे २७ एप्रिलला उतरतायत, आणि तो रविवार आहे

प्रेषक: पुण्याहून, पाहुणी
शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी,

मैत्रिणीच्या नणंदेनं मला तुमच्या, व्हिएन्नातल्या मराठी मंडळींच्या, मेलच्या यादीत घुसवलंय, आगाऊपणा वाटला तर तिला बोला. मी पाषाणला मॉन्सूनवर काम करते. युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या वार्षिक सभेला आम्ही चौघं व्हिएन्नाला येतोय. सभा २७ एप्रिल ते २ मे, आम्ही रविवारी दुपारी उतरणार आणि शनिवारी सकाळी परत निघणार. चौघांतले तिघं पहिल्यांदाच देशाबाहेर पडतायत. सभागृहाचा पत्ता, नकाशा सगळं मिळालंय. पण विमानतळावरून स्वस्तात कसं यायचं, आठवड्याचा पास काढायचा का, जेवणाचं काय, हे कुणाला विचारावं कळेना. आमच्यातला एक जण अंडंसुद्धा खात नाही. दोघं हॉटेलात आहेत, दोघींना तुमच्यातल्याच एका वहिनींनी घरी बोलावलंय.

---

प्रेषक: सचिव
शुक्रवार, ११ एप्रिल

स्वागत आहे ताई. अगदी सोपं आहे. विमानतळावर हिरव्या रंगाची सिटी एअरपोर्ट ट्रेन दिसेल, मधे कुठेही न थांबता १६ मिनिटांत वीन मिटे स्टेशन. तिथून यू४ मेट्रोनं श्वेडेनप्लाट्झ, मग यू१ मेट्रोनं कायझरम्यूलन. तुमचं सभागृह, ऑस्ट्रिया सेंटर, समोरच. आठवड्याचं तिकीट उतरल्या उतरल्या घेऊन टाका म्हणजे कटकट मिटली. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाकी गावात सगळं मिळतं.

---

प्रेषक: अण्णा
शुक्रवार, ११ एप्रिल, रात्री

सचिवसाहेब कंपनीच्या खर्चानं फिरतात हे पुन्हा एकदा सिद्ध झालं.

ताई, त्या हिरव्या गाडीच्या वाटेला जाऊ नका. साध्या एस७ लोकलपेक्षा तिचं तिकीट कितीतरी महाग, आणि शहराचं कुठलंही तिकीट तिच्यात चालत नाही. एस७ वीन मिटेला २५ मिनिटांच्या आसपास घेते. पण तुम्ही तिथे उतरूच नका, तशाच पुढे प्राटरश्टेर्नपर्यंत बसा. तिथे यू१ धरा, लिओपोल्डाउच्या दिशेची. तिसरं स्टेशन कायझरम्यूलन. बॅगा घेऊन एकदाच गाडी बदलायची. वाचवलेली नऊ मिनिटं वीन मिटेच्या सरकत्या जिन्यांवरच जातात.

आता पास. इथे सचिवांनी तुम्हाला खड्ड्यात घातलंय. आठवड्याचं तिकीट, वोखेनकार्टे, यंदाच्या म्हणजे २०२५ च्या नियमानं घेतल्या दिवसापासून सात दिवस चालत नाही. सोमवारी सुरू होतं आणि पुढच्या सोमवारी सकाळी ९ ला मरतं. रविवारी दुपारी चालू आठवड्याचं घेतलंत तर दुसऱ्या दिवशी पोस्टरांचे हॉल उघडतायत तोवर त्याचा कागद झालेला असेल. म्हणून रविवारी विमानतळ ते शहर असं एकेरी तिकीट घ्या, त्यात पुढची यू१ पण येते. वोखेनकार्टे सोमवारपासूनचं घ्या. विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर पडतो, त्यामुळे परत जाताना पासावर हद्दीबाहेरच्या तुकड्याचं तिकीट वेगळं लागेल.

कागदी तिकिटावर शिक्का लागतो. स्टेशनात शिरताना निळा डबा असतो, त्यात तिकीट सरकवलं की टक्क होतं. फाटकं नाहीत, कुणी अडवत नाही, आणि इथेच आपली माणसं फसतात. माझ्या भाच्यानं तिकीट घेऊन इमानदारीत खिशात ठेवलं होतं. साध्या वेशातल्या तपासनिसानं १०५ युरो घेतले. "तिकीट आहे ना!" असं तो चार वेळा म्हणाला. आहे, पण टक्क झालेलं नाही. मोबाइलवर काढलंत तर हा प्रश्न येत नाही.

आणि मंडळी, सर्वात महत्त्वाचं कुणीच बोललं नाही. २७ तारीख रविवार. रविवारी इथे किराणा बंद, मॉल बंद, सगळं बंद. शनिवारीसुद्धा संध्याकाळी सहाला शटर पडतं. पाहुणे उतरणार दुपारी, खोलीत पोचणार, आणि मग दूध शोधत फिरणार. मोठ्या स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी असतात. प्राटरश्टेर्नला गाडी बदलतानाच दूध, ब्रेड, दही, फळं घेऊन टाका. हे करायचंच आहे असं चौघांना लिहून द्या.

त्याच आठवड्यात गुरुवारी १ मे. आपला महाराष्ट्र दिन, त्यांचा कामगार दिन. पुन्हा सगळं बंद. सभा चालू असेल, यू१ पण चालेल, पण सकाळी रिंग या मोठ्या रस्त्यावरून राटहाउसकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, मोर्चे जातात तेव्हा त्या भागातल्या ट्राम अडतात. बुधवारी संध्याकाळी गुरुवारची सोय करून ठेवा.

---

प्रेषक: कागरानच्या वहिनी
शनिवार, १२ एप्रिल

अण्णांनी माझं निम्मं काम केलं. दोघी माझ्याकडेच उतरणार आहेत, म्हणून हे मी सांगते.

अंडं न खाणाऱ्यासाठी नीट वाचा. इथे "व्हेगेटारिश" म्हणजे मांस नाही, एवढंच. कायझरश्मार्न, पालाचिंकेन, श्पेट्झले, सगळ्यांत अंडं. फ्रिटाटेनझुपे दिसायला निष्पाप, वरणात धिरड्याच्या पट्ट्या सोडल्यासारखी. पण ती धिरडी अंड्याची आणि ते पाणी गोमांसाचं. "ओने फ्लाइश, ओने आय", म्हणजे मांस नको, अंडं नको, असं म्हणायला शिकवा. पहिल्या दिवशी फलाफल, पिझ्झा, चीज घातलेला सेमेल (पाव) यांवर भागवा. दुपारी डबा आणला तर सर्वात उत्तम, नदीकाठी बसून खाता येतो. ऑस्ट्रिया सेंटरपासून यू१ चं एक स्टेशन मागे आलं की डोनाउइन्झेल, पुरासाठी कालवा खणताना निघालेल्या मातीचं २१ किलोमीटर लांब बेट. एप्रिलमध्ये तिथे वारा फार, ओढणी नाही, जाकीटच हवं.

माझ्याकडे येताना मेतकूट आणा. भाकरीचं पीठ नको, आहे.

घरी राहणाऱ्यांचं एक सरकारी काम आहे. तीन दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून तीन दिवसांत राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते, मेल्डेत्सेटेल म्हणतात. हॉटेलवाले पाहुण्यांची नोंद आपापली करतात, घरच्या पाहुण्यांची आपल्याला करावी लागते. अर्जावर घरमालक किंवा यजमानाची सही लागते, पैसे लागत नाहीत. सोमवारी सकाळीच करून टाकू, पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. क्रोसिन, पोटाचं औषध तिकडूनच आणा. इथे साधी गोळीसुद्धा सुपरमार्केटात मिळत नाही, आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानातच, जावं लागतं, आणि रविवारी कुठली आपोथेके उघडी ते पाळीवर असतं.

आणि मुलींनो, रविवारी माझ्याकडे मिक्सर लागत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी तक्रार करतात. चटणी शनिवारीच वाटून ठेवते.

---

प्रेषक: चंद्रपूरकर
शनिवार, १२ एप्रिल

सचिवांनी पाण्याचं एका ओळीत उरकलं म्हणून लिहितो. ताई भूविज्ञानाच्या सभेला येतायत, त्यांना हे सांगायलाच हवं.

इथल्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, तेही बिनपंपाचं, नुसत्या उतारानं. पहिली वाहिनी १८७३ ची, दुसरी १९१० ची. पहिलीच्या मागे लागून ती करवून घेणारा माणूस एडुआर्ड झ्यूस, विद्यापीठात भूविज्ञान शिकवायचा आणि नगरपालिकेतही होता. त्याआधी लोक विहिरींचं घाण पाणी पिऊन टायफॉइडनं मरत. याच झ्यूसनं पुढे १८८५ मध्ये दक्षिणेकडच्या जुन्या एकत्र भूभागाला गोंडवानालँड म्हटलं. नाव त्यानं हिंदुस्थानातल्या खडकांच्या वर्णनातून घेतलं, आणि ते आमच्या गोंडांचं. माझं घर चांद्याच्या गोंड राजांच्या किल्ल्याच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर. इथे पहिल्या वर्षी श्वार्त्झेनबेर्गप्लाट्झला कारंजं बघायला गेलो, शेजारी त्याचा अर्धपुतळा दिसला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. ते कारंजं वाहिनी सुरू झाली त्याच वर्षीचं.

तुमच्यातल्या कुणाला वेळ असेल तर डी किंवा ७१ नंबरची ट्राम. गुरुवारी सकाळी नको, अण्णांनी सांगितलंच आहे.

---

प्रेषक: सचिव
रविवार, १३ एप्रिल

वोखेनकार्टेबद्दल चूक कबूल. हिरव्या गाडीबद्दल नाही.

१ मे ला संध्याकाळी सात वाजता महाराष्ट्र दिनाला वहिनींच्या अंगणात जमायचं आहे. दुकानं बंद असल्यानं श्रीखंडाचा चक्का बुधवारी बांधायला कोण घेतंय ते कळवा. टॉपफेन (इथलं चक्क्यासारखं मऊ चीज) वापरला तर चालेल का यावर मागच्या वर्षी झालेला वाद पुन्हा नको.

---

प्रेषक: पुण्याहून, पाहुणी
सोमवार, १४ एप्रिल

तुम्हा सगळ्यांचे आभार. अण्णांची मेल छापून चौघांच्या पासपोर्टमध्ये ठेवली. चंद्रपूरकर दादा, आमच्या विभागप्रमुखांना झ्यूस माहीत होता, पाणी माहीत नव्हतं. मंगळवारी आमची सत्रं लवकर संपतात, संध्याकाळी कारंज्यापाशी याल का?

मेतकूट घेतलंय. चक्का मी बांधते, पण फडकं वहिनींचं. एकच शंका: प्राटरश्टेर्नचं दुकान एस७ वरून उतरल्यावर कुठल्या बाजूला?

---

प्रेषक: अण्णा
सोमवार, १४ एप्रिल

जिना उतरून खाली. लोक दुधाच्या पिशव्या घेऊन जिकडून येताना दिसतील तिकडे. मीच येतो, तीनच्या पुढे यू१ च्या जिन्यापाशी असेन, पांढरी टोपी.