मदत हवी आहे: काम्पेचेत बाइक रात्री कुठे ठेवू?

मी आणि नवरा मेक्सिकोत बाइकवर पालेंकेहून काम्पेचेला पोचतोय. एक दिवस आराम, मग मेरिदा. हॉटेल तटबंदीच्या आतल्या जुन्या गावात आहे, पण पार्किंग नाही. मालकीणबाई म्हणतात, रस्त्यावर लावा. आमचे साइड बॉक्स निघत नाहीत, त्यामुळे मन धजत नाही. मॅपवरच्या पार्किंगवाल्यांना विचारलं, ते चारचाकीच घेतात. स्पॅनिश कामापुरतं येतं.

आरामाचा दिवस नेमका सोमवार, म्हणजे सान मिगेल किल्ल्यातलं माया मुखवट्यांचं म्युझियम बंद. उकाडा असा की हेल्मेटचं अस्तर पिळून काढावं, म्हणून लांबची रपेट नको.

चालत जाण्याजोगं, रात्रभर राखण असलेलं आणि दुचाकी घेणारं पार्किंग कुणाला माहीत आहे का? आणि सोमवारी पुएर्ता दे तिएर्रा या तटबंदीच्या दरवाजाकडून तटावर चढू देतात का?