‘वन्स इन अ ब्लू मून’ : तुमचा अनुभव लिहा

‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे फार क्वचित, हे आपण शाळेत पाठ करतो. पण तो वाक्प्रचार वापरताना फजिती कुठे झाली आणि त्याच्या जागी घरात कोणता शब्द आला, ते इथे लिहावे. आरंभ मीच करतो. नववीत मी ‘निळ्या चंद्राच्या रात्री एकदा’ असे भाषांतर केले होते. बाईंनी ते खोडून लाल शाईने ‘सठीसहामाशी’ एवढेच लिहिले.

परभणी : नोकरीमुळे सासुरवाडीला माझे जाणे कमीच. २०२३ मध्ये धोंडे खायला गेलो, तेव्हा मेहुणीने ‘दाजी वन्स इन अ ब्लू मून येतात’ असा टोमणा मारला. सासूबाईंनी अर्थ विचारला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे धोंड्याच्या महिन्यातले जावई!’ याहून नेमके भाषांतर मला सापडलेले नाही.

नांदेड : सासूबाईंचे गणितही बरोबर आहे. बारा चांद्रमास सुमारे ३५४ दिवसांत संपतात, वर्षाला अकरा दिवस उरतात, आणि ते साचून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी आपल्याकडे अधिक महिना येतो, तर इंग्रजी कॅलेंडरच्या एखाद्या महिन्यात दोन पौर्णिमा येतात; त्यांतल्या दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण १६ ऑगस्टला संपला आणि त्याच ऑगस्टच्या अखेरीस ब्लू मून दिसला. मात्र ‘दुसरी पौर्णिमा’ हा अर्थ १९४६ साली एका अमेरिकी खगोल मासिकातल्या गैरसमजातून पसरला. ‘क्वचित’ या अर्थाचा वापर त्याहून जुना आहे. म्हणून ‘अडीच-तीन वर्षांतून एकदा’ असा हिशेबी अर्थ मी विद्यार्थ्यांना सांगत नाही.

लातूर : २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, तेव्हा पुण्याच्या मित्राला मी फोनवर ‘नळाला पाणी वन्स इन अ ब्लू मून येते’ असे सांगितले आणि तो मनापासून हसला. चूक माझीच होती. हा वाक्प्रचार गमतीच्या, हलक्या तक्रारीसाठी शोभतो. पुन्हा फोन करून ‘घागरी रिकाम्या आहेत’ असे सरळ सांगितले, तेव्हा तो गप्प झाला.

बीड : आम्ही ‘उंबराचे फूल’ म्हणतो. माझ्या मुलाने मात्र चाचणीत या वाक्प्रचारापुढे ‘दुष्काळात तेरावा महिना’ लिहिले आणि गुण गमावला, तो योग्यच. पण नांदेडकरांचे वाचल्यावर, जास्तीचा चंद्र त्याने कुठून आणला असेल, ते आज कळले.