वाढत्या अंगाचे : युरोपातल्या डिझायनरांचे मुलांचे हंगामी कपडे, तुमचे अनुभव सांगा

स्टॉकहोममधल्या आमच्या कपाटात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक सुती शर्ट आहे. माप ९८. आतल्या लेबलवर नावं लिहायला ओळी आहेत. पहिलीवर कुणा अनोळखी स्वीडिश मुलाचं नाव, दुसरीवर शेजारच्या मुलीचं, तिसरीवर माझ्या लेकाचं. पोलार्न ओ. पीरेत या स्वीडिश कंपनीचा हा शर्ट. गुनिला आक्सेन या डिझायनरने १९७६ साली या पट्ट्या आखल्या. दर हंगामात रंग बदलतात, पट्ट्या त्याच राहतात. म्हणून तीन वर्षांपूर्वीचा शर्टही जुना दिसत नाही.

शेजारीण कपड्यांची पिशवी घेऊन आली तेव्हा जरा संकोचली होती. "वापरलेले आहेत, चालतील ना?" मी तिला सांगितलं, आमच्याकडे बाळाला पहिलं झबलं जुन्याचंच घालतात, आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीचं. तिने ते नवऱ्याला जाऊन सांगितलं, आणि पुढच्या हंगामात पिशवी आपोआप दारात आली.

आई मात्र फोनवर विचारते, "चार महिने घालायचे कपडे, त्याला एवढे पैसे?" तिचा प्रश्न रास्त आहे. इथे वर्षातून दोनदा नवे कपडे येतात, वसंत-उन्हाळ्याचे आणि शरद-हिवाळ्याचे, आणि मूल तोवर एक माप पुढे गेलेलं असतं. मापं उंचीवर असतात, सहा-सहा सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी : ८६, ९२, ९८, १०४. आपली आई 'वाढत्या अंगाचा' फ्रॉक घ्यायची ती सोय इथे कुठे बसते, हे शोधण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली. आता माझा नियम ठरला आहे : निदान दोन मुलांच्या अंगावर टिकेल असं वाटलं तरच डिझायनरचा कपडा घ्यायचा, नाहीतर नाही.

तुमचा नियम वेगळा असेल. फक्त एका कपड्याची गोष्ट सांगा. कुठे, कोणत्या हंगामात घेतला, अंगावर कसा बसला, पुढे कुणाकडे गेला.

हॅम्बुर्गला जाऊन आलेली कोल्हापूरची आजी

मागच्या नोव्हेंबरात लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. सोबत बाळंतविडा नेला. मलमलीची झबली, टोपरी, दुपटी आणि मी हाताने शिवलेली खणाची कुंची. बॅगेचं वजन भरलं म्हणून माझ्या दोन साड्या काढून ठेवल्या, कुंची काढली नाही.

तिथे बघते तर लेकीने बाळासाठी लोकरीचे कपडे आणून ठेवलेले. एंगेल नावाच्या जर्मन कंपनीचे, ७० टक्के मेरिनो लोकर, ३० टक्के रेशीम. मी म्हटलं, अगं कालचं मूल, त्याला लोकर टोचेल. तिने हातात दिलं. धुवट लुगड्यासारखं मऊ! आणि ते रोज धुवायचंही नाही. डाग नसेल तर रात्री खिडकीपाशी टांगायचं, सकाळी वास गेलेला असतो. मला माझी आजी आठवली. तिच्या सोवळ्याच्या धाबळीला आणि मुकट्याला कुठे रोज पाणी लागायचं? तीच लोकर आणि तेच रेशीम.

तिथे बाळंतपणानंतर सुईण घरी येते, तिला हेबामे म्हणतात. बाळाचे पाय गार लागले की मी घाबरायची. तिने माझा हात धरून बाळाच्या मानेमागे ठेवला. तिथे ऊब असेल तर बाळ सुखात आहे, पायांवरून ठरवू नका, म्हणाली. एका गोष्टीवरून मात्र आमचं जुळेना. घरात झोपताना टोपरं घालू नका, असं तिचं म्हणणं. टाळू उघडी ठेवायची? मला दोन रात्री झोप नाही. मग तिने नीट समजावलं, की एवढंसं बाळ अंगातली जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं, झोपेत डोकं झाकलं तर फार तापतं. पांघरूणसुद्धा नाही, त्याऐवजी बिनबाह्यांची झोपायची पिशवी. बाहेर नेताना मात्र टोपी हवीच, हेही तीच म्हणाली.

मग बाळाला पहिल्यांदा बाहेर काढलं तेव्हा लोकरीच्या कपड्यावर माझी कुंची घातली. हेबामेने ती उलटी-सुलटी करून पाहिली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि लेकीला विचारलं, ही कुठल्या दुकानातली?

तिरुपूरहून, मूळ इचलकरंजीचा

तुमच्या पिशव्यांमधल्या कपड्यांचं दुसरं टोक मी पाहतो. इचलकरंजीत टेक्सटाईल शिकलो, आता तिरुपूरला मर्चंडायझर आहे, म्हणजे ब्रँडची मागणी कारखान्याकडून पुरी करून घेणारा. युरोपातल्या अनेक ब्रँडचे मुलांचे निटेड कपडे इथे शिवले जातात.

हंगाम म्हणजे काय ते आमच्याकडे उलटं दिसतं. इटलीत फ्लॉरेन्सला पित्ती बिंबो हे मुलांच्या कपड्यांचं प्रदर्शन १९७५ पासून भरतं. जानेवारीत तिथे पुढच्या हिवाळ्याचे कपडे मांडतात, जूनमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे. म्हणजे बाहेर कडाक्याची थंडी असते तेव्हा दुकानदार पुढच्या थंडीची मागणी नोंदवत असतो. त्याआधी कित्येक महिने डिझायनरकडून रंग येतात. आम्ही लॅब डिप, म्हणजे रंगवलेला नमुन्याचा तुकडा पाठवतो, मग स्ट्राइक-ऑफ, म्हणजे छपाईचा नमुना, मग माप बघायला शिवलेलं फिट सॅम्पल. एकेका निळ्यासाठी चार-चार वेळा लॅब डिप परत आलेली आहे. आणि मे महिन्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, टेबलांवर आतून लवदार केलेल्या जाड हूडींचा ढीग असतो, कारण ऑगस्टात त्या तिकडच्या दुकानात टांगलेल्या हव्यात.

मुलांच्या कपड्याला मोठ्यांपेक्षा फार जपावं लागतं. ईएन १४६८२ हे युरोपचं मानक आहे. सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला गळ्यापाशी किंवा टोपीला नाडी चालत नाही, कारण घसरगुंडीत किंवा बसच्या दारात नाडी अडकून मुलं गेलेली आहेत. प्रत्येक टिचबटण ओढून बघणारं यंत्र आहे. शिवताना सुईचा तुकडा मोडून कपड्यात राहिला नाही ना, हे बघायला प्रत्येक नग धातू शोधणाऱ्या पट्ट्यावरून जातो. एकदा यंत्र वाजलं. खोका उघडला, सगळे नग परत तपासले, रात्रीचे दोन वाजले, ट्रक थांबवून ठेवला. सापडला तो मिलिमीटरभर तुकडा, एका माप ६८ च्या रॉम्परच्या काखेत. तो मी माझ्या टेबलाच्या काचेखाली चिकटवून ठेवलाय.

माझी मुलगी शिल्लक सॅम्पलमधले कपडे घालते. तिला सांगतो, हे तू डिसेंबरात घालायचं ते मी गेल्या उन्हाळ्यात बघितलंय.

मालाड, मुंबई

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला एका इटालियन डिझायनरच्या हिवाळी संग्रहातला मखमली फ्रॉक घेतला. गडद हिरवा, पांढरी कॉलर, आतून अस्तर. ऑनलाइन फोटोत राजकन्येचा होता. ऑक्टोबरची दुपार, घरात तीस माणसं. केक कापायच्या आत तिच्या मानेवर घामोळं उठलं आणि ती रडायला लागली. सासूबाईंनी तिला आत नेऊन माहेरून आलेलं सुती परकर-पोलकं घातलं. सगळे फोटो त्याच्यातले आहेत.

त्या दिवसापासून मी युरोपचा फक्त वसंत-उन्हाळा बघते. लिनन, सुती मलमल, सैल बाह्या. तो हंगाम मुंबईत बाराही महिने चालतो. मखमली फ्रॉक भाचीकडे डेहराडूनला गेला, तिथे तो त्याच्या जागी आहे.

पॅरिसहून

इथे सेलच्या तारखा सरकार ठरवतं. 'सोल्द' वर्षातून दोनदा, चार-चार आठवडे, २०२० पूर्वी सहा असायचे. जानेवारीतला सेल सहसा दुसऱ्या बुधवारी उघडतो. मी त्याच दिवशी पुढच्या हिवाळ्याचा कोट एक माप वर घेऊन ठेवते. वाढत्या अंगाचं गणित मला इथे सापडलं.

आव्हेन्यू माँतेन्य या रस्त्यावर बेबी दिओरच्या दुकानाची काच आहे, हे नाव १९६७ पासूनचं. तिथे लेक काचेला नाक लावून उभी राहते आणि आम्ही पुढे जातो. आमचं घर चालतं ते पेती बातोवर. १८९३ ची त्रुआ गावातली ही कंपनी. १९१८ मध्ये एतियेन व्हालताँने मुलांच्या लांब आतल्या विजारीचे पाय कापून टाकले आणि आजची आखूड चड्डी जन्माला आली. मुलांसाठी खरं डिझाईन याला म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.

हेलसिंकी

आमची एकच गोष्ट. मारिमेक्को या फिनिश कंपनीच्या 'तासाराइता' पट्ट्या, आन्निका रिमालाने १९६८ मध्ये केलेल्या. नाव म्हणजे समान पट्टा. बाळाला, आईला, आजोबांना, सगळ्यांना तोच. आई-बाबा सांगलीहून आले तेव्हा चौघांनी घातला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पट्ट्यांचा टी-शर्ट घातला आणि तो सांगलीत सकाळी फिरायला जाताना अजून घालतात.

म्युनिक

डिझायनर कोट कपाटात आणि अंगावर रोज माचहोजे, म्हणजे चिखलात खेळायची रबरी विजार. तळव्याखाली इलॅस्टिकचा पट्टा असतो, म्हणून ती बुटावरून वर सरकत नाही. बालवाडीत पाऊस असला तरी मुलांना बाहेर सोडतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक पातळ कपडे घालायचे, याला इथे 'त्स्वीबललूक' म्हणतात.

नव्या आईवडिलांनी एक लक्षात ठेवा. फुगीर जाकीट घालून मुलाला गाडीच्या सीटमध्ये बांधू नका. पट्टा जाकिटाला आवळतो, मुलाला नाही. जाकीट काढा, पट्टा बांधा, वरून पांघरूण टाका. हे मला बालवाडीतल्या एका बापाने पार्किंगमध्ये थांबवून दाखवलं, त्याचे उपकार आहेत.

धागाकर्ती, स्टॉकहोम

तिरुपूरच्या दादा, तुमचं वाचून मी लेकाच्या जाकिटाची टोपी तपासली. नाडी नाही, टिचबटणं आहेत. आठ वर्षं इथे राहून ते का, हे मला माहीत नव्हतं.

हॅम्बुर्गच्या काकू, नात ९८ मापाची झाली की कळवा. तो पट्ट्यांचा शर्ट तिला पाठवते. लेबलवरच्या ओळी भरल्या आहेत, पण शिवणीच्या आत जागा आहे.

कोल्हापूरची आजी

नात अजून ७४ ची आहे. मी लेकीला सांगून ठेवलंय, नाव मोडीत लिहायचं. मला लिहिता येतं.